मनीलाच्या एमटीसीतील पहिला आठवडा: ठाणे व नवी मुंबईतून निघणाऱ्या मिशनरींनी घरीच करावयाची तयारी

चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती मंडळीतील मराठी तरुणाला मिशनचा कॉल, म्हणजे घर सोडून धर्मप्रसाराच्या सेवेला जाण्याचे मंडळीचे बोलावणे, येतो तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या मनात पुढची दोन वर्षे उभी राहतात. मुलीचा कॉल असेल तर पुढचे १८ महिने. मात्र या सबंध काळातला सर्वांत अवघड तुकडा अगदी सुरुवातीला, परदेशातील प्रशिक्षण केंद्राच्या पहिल्या सात-आठ दिवसांत येतो आणि त्याची तयारी सर्वांत कमी झालेली असते. त्या दिवसांत बहुतेकांचे अडते ते झोपेवाचून, ओळखीच्या जेवणावाचून आणि मनातले सहज बोलता येईल अशा भाषेवाचून. ‘मी इथे का आलो’ हा प्रश्न बऱ्याचदा या थकव्यातून उभा राहतो आणि दमलेल्या मुलाला तो श्रद्धेचा प्रश्न वाटू लागतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की प्रशिक्षणाची सुरुवात विमान उतरल्यावर न करता कळव्यातल्या, ऐरोलीतल्या किंवा खारघरमधल्या आपल्या घरात, निदान दोन महिने आधी करावी.

भारतातून जाणाऱ्या अनेक मिशनरींना फिलिपाइन्समधील मनीला येथील मिशनरी ट्रेनिंग सेंटरमध्ये, म्हणजे एमटीसीत आजवर पाठवले गेले आहे, म्हणून हा लेख त्या केंद्राला धरून लिहिला आहे. हे केंद्र १९८३मध्ये सुरू झाले. ते केसॉन सिटी भागात, १९८४मध्ये अर्पण झालेल्या मंडळीच्या मनीला मंदिरासमोर आहे. तुमच्या कॉलच्या पत्रात दुसऱ्या केंद्राचे नाव असेल तर हवामान, वेळ आणि जेवण यांचे तपशील बदलतील; बाकीची तयारी तशीच लागू पडेल.

पहिली पायरी: आई-वडिलांशी बोलणे

मंडळीत एकटेच आलेले, म्हणजे घरातील इतर माणसे वेगळ्या श्रद्धेची असलेले अनेक तरुण आपल्याकडे आहेत. त्यांनी पासपोर्टचा अर्ज करण्याआधी घरी बोलावे. मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान आहे, पण ज्या आईने डबा भरून त्याला बारावीपर्यंत शिकवले तिला ही गोष्ट तिकीट निघाल्यावर कळणे योग्य नाही. वडील विचारतील की खर्च कोण करणार, पगार मिळणार का, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात राहणार, मुलगा आजारी पडला तर आम्हाला कोण कळवणार. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना विरोध समजू नये. त्यांची उत्तरे स्वतः न देता आई-वडिलांना आपल्या ब्रँच प्रेसिडेंटकडे, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखांकडे, घेऊन जावे आणि त्यांना समोरासमोर विचारू द्यावे. मिशनरीला पगार नसतो, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट झालेले बरे. केंद्राचा पूर्ण पत्ता, तातडीच्या वेळी वापरायचा दूरध्वनी क्रमांक, विमा किंवा वैद्यकीय खर्चाची व्यवस्था आणि पुढे ज्या मिशनमध्ये नेमणूक आहे तेथील कार्यालयाचा पत्ता एका कागदावर लिहून तो कागद घरच्या कपाटात ठेवावा.

दुसरी पायरी: कागदपत्रे

येथे घाई सर्वांत महाग पडते. लहानपणी काढलेला पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षांचाच असतो, त्यामुळे ‘आमच्याकडे पासपोर्ट आहे’ एवढ्यावर निश्चिंत न राहता त्यावरची मुदत वाचावी. फिलिपाइन्समध्ये प्रवेशासाठी पासपोर्टची मुदत मुक्कामानंतर निदान ६ महिने शिल्लक लागते आणि तुमचा प्रवास तर तेथून पुढे दीड-दोन वर्षांचा आहे. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो आणि ३६ पानी पुस्तिकेचे नेहमीचे शुल्क १,५०० रुपये आहे. ठाणेकरांना वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचे पडते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरार चालू मुदतीचा आहे ना ते आधी पाहावे, कारण पोलीस पडताळणीसाठी हवालदार घरी येतात तेव्हा जुना पत्ता आणि संपलेला करार यांमुळे अर्ज अडकतो.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आधार कार्डावर कधी वडिलांचे नाव गाळलेले असते. पासपोर्टच्या अर्जात आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव आणि नावाच्या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे नाव जावे. मिशनच्या अर्जातही अक्षरे तीच ठेवावीत. केंद्रात तुम्हाला पहिल्या नावाने कोणी हाक मारणार नाही. छातीवरच्या काळ्या बिल्ल्यावर मंडळीच्या नावासोबत एल्डर (मुलांसाठी) किंवा सिस्टर (मुलींसाठी) आणि पुढे आडनाव एवढेच असेल. त्यामुळे आडनावाच्या स्पेलिंगमधील चूक तुमच्यासोबत पूर्ण मिशनभर फिरेल.

व्हिसाबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगतो. ८ जून २०२५पासून फिलिपाइन्सने भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे, पण ती सवलत पर्यटनासाठी आहे. एखादा हितचिंतक एजंट ‘असेच जा, तिथे पाहून घेऊ’ म्हणाला तर त्याचे ऐकू नये. मंडळीच्या प्रवास विभागाने जो व्हिसा आणि जे पत्र दिले असेल त्याच आधारावर निघावे आणि विमानतळावरील इमिग्रेशन अधिकाऱ्याने विचारल्यास धार्मिक प्रशिक्षणासाठी जात आहे असे सरळ सांगावे. फिलिपाइन्समध्ये उतरण्यापूर्वीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल ही प्रवाशांची सरकारी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात.

मिशनला निघणारे बहुतेकजण बारावी किंवा पदवीच्या मध्यावर असतात आणि परतल्यावर त्यांना पुन्हा प्रवेश घ्यायचा असतो. हा भाग मिशनच्या पत्रात कोठेही लिहिलेला नसतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. जात वैधता प्रमाणपत्र लागणार असेल तर पडताळणीचा अर्ज जाण्यापूर्वीच करावा, कारण समितीसमोर मूळ कागद दाखवायची वेळ तुम्ही परदेशात असताना येऊ नये. शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र पुढे महाविद्यालय मागेल. त्यासाठी कॉलचे पत्र आणि सेवा पूर्ण झाल्याचे पत्र जपून ठेवावे. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घ्याव्यात आणि मूळ प्रती घरीच ठेवाव्यात. बँक खात्याला वारस नोंदवावा. खाते आणि आधार ज्या मोबाइल क्रमांकाला जोडले आहे ते सिम घरच्या एखाद्या फोनमध्ये चालू ठेवून वेळेवर रिचार्ज करण्याची जबाबदारी भावंडांपैकी एकावर सोपवावी, नाहीतर वापरात नसलेला क्रमांक बंद होतो आणि परतल्यावर प्रत्येक ओटीपीसाठी खेटे घालावे लागतात.

वैद्यकीय अर्जाबाबत थोडक्यात: दातांची तपासणी टाळू नये. दुखणारी अक्कलदाढ ठाण्यात काढणे आणि परक्या देशात काढणे यांत फार अंतर आहे. नेहमीची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह घ्यावी. पूर्वी कधी नैराश्य, भीतीचे झटके किंवा झोपेचा त्रास झाला असेल तर तोही लिहावा. तो लपवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात मदतीची गरज पडते आणि तेथे कोणालाच काही माहीत नसते.

तिसरी पायरी: झोपेचे घड्याळ

मनीलाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडून पाहावा. मिशनरींची दिनचर्या साधारणपणे सकाळी साडेसहाला सुरू होते आणि रात्री साडेदहाला दिवे मालवतात. तेथील साडेसहा म्हणजे आपले पहाटेचे चार आणि तेथील साडेदहा म्हणजे आपले रात्रीचे आठ. ज्या मुलाला रात्री एकपर्यंत फोन पाहण्याची आणि नऊला उठण्याची सवय आहे त्याचे शरीर पहिल्या चार-पाच दिवसांत वर्गात बसल्या बसल्या झोपेल, आणि त्याला वाटेल की आपले मन अभ्यासात रमत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण वेळखाऊ आहे. निघण्याच्या दोन महिने आधी उठण्याची वेळ दर आठवड्याला अर्ध्या तासाने मागे आणावी. शेवटच्या दोन आठवड्यांत पहाटे साडेचार-पाचला उठून तोंड धुऊन लगेच बाहेर पडावे: ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला, नवी मुंबईत पाम बीच रस्त्याच्या कडेने किंवा खारघरच्या रस्त्यांवर अर्धा तास भरभर चालावे. रात्री नऊनंतर फोन आईकडे द्यावा. गणेशोत्सव, नवरात्र किंवा लग्नसराईच्या दिवसांत हे जमणे कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच दोन महिने म्हणतो, दोन आठवडे नव्हे.

२०२०नंतर प्रशिक्षणाचा सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन करण्याची पद्धत आली आहे. वन-बीएचकेमध्ये पाच माणसे राहत असतील तर हा भाग केंद्रातील दिवसांपेक्षाही अवघड जाऊ शकतो. वर्ग मनीलाच्या वेळेने ठेवलेले असतील तर सकाळी पाण्याची वेळ, डबे आणि शाळेची गडबड यांतच ते सुरू होतील. आतल्या खोलीचे दार त्या तासांपुरते तुमच्यासाठी बंद राहील असे घरात आधी ठरवून घ्यावे. पाठीमागे कोरी भिंत, अंगावर पांढरा शर्ट व टाय किंवा मिशनला शोभेल असा पोशाख, आणि इंटरनेट बंद पडल्यास दुसऱ्या सिमची सोय असावी. पाहुण्यांना या आठवड्यात बोलावू नये. निरोपाच्या भेटी आधीच्या रविवारपर्यंत आटोपाव्यात.

चौथी पायरी: इंग्रजी बोलण्याचा सराव

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाचन जमते, ऐकणे बऱ्यापैकी जमते, पण प्रार्थना, साक्ष (आपल्या श्रद्धेबद्दल चारचौघांत बोलणे) आणि शिकवण्याचा सराव इंग्रजीत करायची वेळ आली की शब्द घशात अडकतात. केंद्रात पहिल्या एक-दोन दिवसांतच जोडीने कोणाला तरी शिकवून दाखवायला सांगतात. समोर बसणारा शिक्षक बऱ्याचदा नुकताच मिशन पूर्ण केलेला तरुण असतो आणि तो खरा श्रोता असल्यासारखे प्रश्न विचारतो.

यासाठी व्याकरणाची पुस्तके उघडण्यात वेळ घालवू नये. रोज एक विषय घ्यावा, उदाहरणार्थ प्रार्थना कशी करावी किंवा मी मिशनला का निघालो, आणि त्यावर तीन मिनिटे बोलून फोनवर रेकॉर्ड करावे. मग ऐकावे, जिथे अडखळलो ते वाक्य लहान करावे आणि पुन्हा बोलावे. लहान वाक्ये चालतात. समोरच्याचे न कळल्यास ‘कृपया हळू सांगाल का’ हे इंग्रजीत न संकोचता म्हणता येणे हे पहिल्या आठवड्यातील सर्वांत उपयोगाचे वाक्य आहे. न कळता मान हलवणाऱ्याला तिसऱ्या दिवशी काहीच कळेनासे होते. ठाणे-पनवेल लोकलमध्ये एखाद्या मित्रासोबत संपूर्ण प्रवासभर इंग्रजीत बोलण्याचा नियम केला तर लाजही मोडते. एकांतातील प्रार्थना मात्र मराठीत करावी. दिवसभर परक्या भाषेत बोलून थकलेल्या मनाला तेवढा एक कोपरा हवा असतो आणि तो कोणी हिरावून घेत नाही.

पाचवी पायरी: सामान आणि प्रवास

मनीलाचे हवामान आपल्यासारखेच दमट आहे, साधारण जून ते नोव्हेंबर पाऊस असतो आणि वादळेही येतात. त्यामुळे स्वेटरच्या गठ्ठ्याऐवजी सुती बनियन, लवकर वाळणारे शर्ट, चांगली छत्री आणि पायात मुरलेले बूट घ्यावेत. बूट नवे असतील तर महिनाभर आधी वापरावेत. वातानुकूलित वर्गासाठी एक पातळ स्वेटर पुरतो. तेथील भिंतीतले सॉकेट चपट्या दोन पिनांचे असतात, म्हणून आपल्या गोल पिनांसाठी अडॅप्टर लागेल. वीजदाब २२० व्होल्ट असल्याने चार्जर तोच चालतो. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत तिला परवानगी नसते. चहाची पूड कोणी प्रेमाने दिली तरी घरीच ठेवावी. चहा-कॉफी न घेण्याचा नियम मंडळीत १८३३पासूनच्या शिकवणीवर आधारलेला आहे. बिल्ला लावलेल्या मिशनरीच्या बॅगेत ती पुडी नसावी. लोणचे, घरचे पीठ, ओले पदार्थ यांचा मोहही टाळावा. कोरडी चटणी आणि थोडे लाडू, घट्ट बांधून, एवढे पुरे.

तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली, त्यामुळे आता ‘मुंबईहून विमान’ एवढे ऐकून निघणे धोक्याचे आहे. सांताक्रूझ-सहारचे टर्मिनल दोन असेल तर घोडबंदर रस्त्यावरून येणाऱ्यांनी वाहतूक कोंडीसाठी तास-दीड तास वेगळा धरावा आणि विमानाच्या तीन तास आधी पोहोचावे. टर्मिनलमध्ये तिकीट असलेल्यालाच प्रवेश मिळतो, त्यामुळे निरोप, औक्षण किंवा प्रार्थना, जे घरच्या रीतीप्रमाणे असेल ते घरीच शांतपणे करावे. बाहेरच्या गर्दीत आईचा हात सोडवून घाईने आत जावे लागले तर ती घाई पुढे बरेच दिवस मनात राहते.

वाटेत बहुधा विमान बदलावे लागते. पासपोर्ट, कॉलचे पत्र, व्हिसाचे कागद, केंद्राचा पत्ता आणि एक जोडी शर्ट-पँट हातातल्या पिशवीत असावी, म्हणजे मोठी बॅग मागे राहिली तरी पहिला दिवस निभावतो.

सहावी पायरी: केंद्रातील पहिले दिवस

पोहोचल्यावर नोंदणी होते, बिल्ला मिळतो, खोली दाखवतात आणि तुमच्या कम्पॅनियनशी, म्हणजे जोडीच्या साथीदाराशी, ओळख होते. पुढचे दिवस तुम्ही दोघे एकमेकांच्या नजरेआड जाणार नाही. एकाच खोलीत भावंडांबरोबर वाढलेल्या आपल्या मुलांना गर्दीची सवय असते, पण येथे अडचण वेगळी येते. घरात माणसे असली तरी मनात आले की चप्पल घालून नाक्यावर जाता येत होते. येथे तसे उठून जाता येत नाही. शिवाय हा साथी फिलिपिनो, पाकिस्तानी, कंबोडियन किंवा तेलुगू कोणीही असू शकतो. पहिल्याच रात्री त्याच्याशी चार गोष्टी बोलून घ्याव्यात: सकाळी आधी अंघोळ कोण करणार, घोरण्याचा त्रास आहे का, रागात असताना तो गप्प बसतो की बोलतो, आणि घरी सध्या काही काळजी आहे का. हे दहा मिनिटांचे बोलणे पुढची बरीच भांडणे वाचवते. नेमणुकीच्या क्षेत्रात गेल्यावर साथी बदलतो, म्हणून याच्याशी जन्माची गाठ असल्यासारखे घाबरू नये.

जेवणात तिन्ही वेळा भात असतो, आणि तो खाऊन वाढलेल्या कोकणी पोटाला ही चांगली बातमी आहे. तिखट मात्र जवळजवळ नसते. चिंचेने आंबट केलेला सिनिगांग हा रस्सा आपल्या साराची आठवण करून देतो. मांसाहारींनी डुकराचे मांस वारंवार येते हे लक्षात ठेवावे. शाकाहारींनी केवळ ‘मांस नाही ना’ एवढे विचारून थांबू नये, कारण भाजीतही पातिस नावाचा माशाचा अर्क किंवा बागूंग ही कोळंबीची चटणी असू शकते. आपला आहार पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातील माणसांना आणि केंद्रप्रमुखांना स्पष्ट सांगावा. पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथील सिस्टरांच्या मठात राहायला गेल्या तेव्हा त्यांनी तेथे आपला शाकाहार सोडला नव्हता, आणि त्याच वर्षी तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्मसेवेसाठी ताटातले सर्व काही बदलावे लागते असा समज करून उपाशी राहू नये.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान मन सर्वाधिक खचते. अभ्यास संपत नाही, सर्वजण आपल्यापेक्षा हुशार वाटतात, संध्याकाळी घरची आठवण येते. या दिवसांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. पाणी भरपूर प्यावे, व्यायामाचा तास चुकवू नये आणि सकाळच्या अभ्यासातील फक्त एक गोष्ट वहीत लिहावी. रडू आले तर साथीदारासमोर रडावे. सलग झोप न लागणे, जेवण न जाणे, सतत छाती धडधडणे किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी केंद्रातील ब्रँच प्रेसिडेंटना किंवा डॉक्टरांना सांगावे. ही तक्रार ठरत नाही. भारतात मंडळीच्या बंगळुरू येथील मंदिराचे भूमिपूजन २ डिसेंबर २०२० रोजी झाले असले तरी आजवर अनेक भारतीय मिशनरींनी मनीलाच्या मंदिरातच प्रथम प्रवेश केला आहे. तुमचे मंदिरविधी येथे ठरलेले असतील तर त्या दिवशी विश्रांती घेऊन, पोटभर न्याहारी करून जावे.

घरच्यांसाठी

फेब्रुवारी २०१९पासून मिशनरींना आठवड्यातून एकदा, आपल्या पी-डेला, म्हणजे कपडे धुणे, खरेदी अशा खासगी कामांसाठीच्या साप्ताहिक दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. त्यापूर्वी वर्षातून दोनच फोन असत, त्यामुळे जुन्या मिशनरींच्या आठवणींवरून अंदाज बांधू नये. पहिल्या कॉलला आजीला आधी बोलू द्यावे, नंतर आईने, आणि लहान भावंडांनी शेवटी. ‘किती बारीक झालास’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. दिवस कसा जातो, साथीदार कोण, काय शिकवले, असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. भाडे, कर्ज, नातेवाइकांचे बोलणे हे विषय या कॉलवर नकोत. घरात गंभीर आजार किंवा मृत्यू झाला तर मात्र लपवू नये. आधी ब्रँच प्रेसिडेंटमार्फत केंद्राला कळवावे, म्हणजे बातमी ऐकताना मुलाजवळ कोणीतरी मोठे माणूस असेल.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. काही मुले आजारपणामुळे किंवा मनाच्या त्रासामुळे लवकर परततात. तो मुलगा घरी आल्यावर शेजाऱ्यांना काय सांगायचे याची चर्चा त्याच्यासमोर करू नये आणि ‘लोक काय म्हणतील’ हे तर नकोच. त्याला जेवू घालावे, झोपू द्यावे, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे आणि महाविद्यालयाच्या पुढच्या प्रवेशाची तारीख शोधून ठेवावी.

इंग्रजीतून सेवा करणाऱ्यांचा केंद्रातील मुक्काम थोड्या आठवड्यांचा असतो, नवी भाषा शिकणाऱ्यांचा अधिक. निघण्याच्या आदल्या दिवशी बॅगेचे वजन पुन्हा करावे, पासपोर्ट आपल्याच हातात आला आहे ना ते पाहावे, आणि नव्या मिशनच्या कार्यालयाचा पत्ता तसेच नवा पी-डे घरी ईमेलने कळवावा, कारण क्षेत्र बदलले की कॉलचा वार आणि वेळ दोन्ही बदलू शकतात.